खणात राहिलेला इनहेलर

मित्रांनो, मी एक जुना इनहेलर आहे. बोटाएवढा, प्लास्टिकचा. अजूनही कोणी खण बंद केला की माझ्या अंगावर काटा येतो.

कारखान्यात मला घडवलं ते एकाच कामासाठी. माझ्या पोटात औषधाची कॅप्सूल ठेवायची, मला फिरवून ती फोडायची आणि तोंडाला लावून जोरात श्वास ओढायचा. आतली भुकटी थेट छातीत जाते. केवढा अभिमान होता मला त्याचा!

जयपूरच्या तिलक नगरात आप्पासाहेबांच्या घरी मी आलो. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा सातारकर माणूस. आयुष्यभर सिगारेटी ओढलेल्या, त्यामुळे जिना चढले की छातीचा भाता व्हायचा. गल्लीतले डॉक्टर भार्गव खोकला म्हटलं की पातळ औषध आणि इंजेक्शन द्यायचे. त्या खेपेला त्यांनी प्रथमच मला लिहून दिलं, सोबत सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल. बाहेर रोग्यांची गर्दी होती. मला वापरायचं कसं, हे दाखवायचं राहून गेलं.

घरी आप्पासाहेबांच्या पत्नी मालनकाकूंनी मला खोक्यातून काढलं आणि त्या दचकल्या. सुनेला म्हणाल्या, "अगं प्रज्ञा, हा तर पंप! याची सवय लागली की सुटत नाही म्हणतात. नको बाई." त्यांनी मला खणात ढकललं आणि कॅप्सूल पाण्याबरोबर नवऱ्याला दिली.

रोज मी अंधारात ऐकायचो. पेल्यात पाणी पडायचं, घोट गिळल्याचा आवाज यायचा आणि माझा थरकाप उडायचा. अहो, ती गिळायची नाही! पण मला वाचा कुठली? बाहेर आप्पासाहेबांची छाती जास्तच घरघरत होती. "एवढं औषध घेतोय, तरी गुण कसा नाही?" ते म्हणायचे.

जूनमधल्या एका दुपारी आंधी आली. खिडक्या लावेपर्यंत घरभर पिवळी धूळ झाली. आप्पासाहेबांना श्वास पुरेना, ओठ निळे पडले. सून प्रज्ञा धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली.

"मशीन कहाँ है?" त्यांनी विचारलं.

"कौनसी मशीन? कॅप्सूल तो मैं रोज पानी से देती हूँ," मालनकाकू रडवेल्या झाल्या.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "गलती मेरी है, माताजी. मैंने दिखाया ही नहीं."

प्रज्ञाने खण उघडून मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कॅप्सूल भरली आणि आप्पासाहेबांच्या ओठांना लावलं. ज्या क्षणाची मी वाट पाहिली तो आला, तेव्हा त्यांच्यात श्वास ओढायची ताकदच उरली नव्हती. भुकटी माझ्या पोटातच राहिली. इतका मी कधी घाबरलो नव्हतो.

त्यांना तसंच गाडीत घालून इस्पितळात नेलं. ते वाचले. घरी आल्यावर डॉक्टरांनी शेजारी बसून शिकवलं. पहिल्याच श्वासाला माझ्या पोटात कॅप्सूल खुळखुळली आणि मालनकाकूंनी डोळ्यांना पदर लावला.

आता आप्पासाहेबांकडे नवा इनहेलर आहे आणि मी डॉक्टरांच्या टेबलावर असतो. प्रत्येक रोग्याला ते मला हातात घेऊन सगळं करून दाखवतात. तरीही कोणी नवं खोकं घेऊन घाईने बाहेर पडलं की माझा जीव खाली-वर होतो. मित्रांनो, तुमच्या घरात कोणाची छाती घरघरत असेल, तर एकदा खण उघडून बघाल? आत माझा एखादा भाऊ ऐकत पडलेला असेल.