पनवती सर आणि उजवं इंजिन

वैमानिकांच्या प्रशिक्षण केंद्रात सरांचं काम एकच होतं. चांगली चालती इंजिनं बंद पाडायची.

अर्थात ती विमानं खरी नसायची. एका उंच छताच्या हॉलमध्ये पोलादी पायांवर पांढरी खोकी उभी होती. आत हुबेहूब कॉकपिट, आणि काचेपलीकडे पडद्यावर दिसणारी धावपट्टी. नोकरीतले वैमानिक ठरावीक महिन्यांनी तिथे परीक्षेला येत. सर त्यांच्या मागच्या खुर्चीत पेपरमिंट चघळत बसत, आणि विमान जमीन सोडतंय न सोडतंय तोच हळूच एक बटण दाबत. कधी डावं इंजिन जाई, कधी उजवं, आणि सरांचा मूड असेल तर सोबत आगीची घंटाही वाजे. पोरं पाठीमागे त्यांना 'पनवती' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं आवडतही होतं.

गंमत अशी की, कानाच्या दुखण्यामुळे उडणं सोडेपर्यंत सरांनी स्वतः भरपूर विमानं चालवली, पण खरं इंजिन एकदाही बंद पडलेलं पाहिलं नव्हतं. हल्लीची इंजिनं तशी गुणीच. सर म्हणायचे, "मी आयुष्यभर ज्या पाहुण्याची तयारी करतोय, तो कधी आलाच नाही."

सरांची मोठी बहीण, अक्का, ही मात्र विमान म्हटलं की कानावर हात ठेवायची. जन्मभर तिने शिवणक्लास चालवला. कात्री आणि जीभ, दोन्ही सारख्याच धारदार. भावाने नोकरीभर फुकट तिकिटं पुढे केली, पण बाई बधल्या नाहीत. जमीन सोडायची नाही म्हणजे नाही. पण यंदा समुद्रापलीकडे राहणाऱ्या तिच्या लेकीला मुलगी झाली, आणि अक्काची पंचाईत झाली. नातीला तर बघायचंय, आणि तिकडे रेल्वे काही जात नाही.

शेवटी सरांनी वरिष्ठांची परवानगी काढली आणि एका सुट्टीच्या दिवशी अक्काला त्या पांढऱ्या खोक्यात नेऊन बसवलं. दोन सहकारी पुढे बसले. सरांनी अक्काला आधी सांगून मग इंजिन बंद पाडलं. खोकं एका बाजूला वळलं, सरळ झालं, आणि वर चढत राहिलं. अक्का चष्मा सावरत बघत होती.

"एक बंद पडलं तरी जातं?" तिने विचारलं.

"जातं. वरही चढतं आणि उतरतंही."

"मग दुसरं कशाला बसवलंय?"

"पहिलं बंद पडलं तर म्हणून."

अक्काला हे पटलं. तिच्याकडेही कायम दोन मशिनं असत, एक शिवायला आणि एक वेळेला. घरी जाताना तिने तिकिटं काढायला सांगितली.

निघायच्या दिवशी सकाळी ऊन छान पडलं होतं. सरांना उजव्या पंखाच्या थोडं मागे खिडकी मिळाली, अक्का मधे, आणि कडेला टायरच्या कंपनीतला एक आडदांड विक्रेता. बसल्या बसल्या अक्काने त्याला सांगून टाकलं की आपण पहिल्यांदाच उडतोय, पण काळजीचं कारण नाही, कारण सोबत भाऊ आहे आणि तो यातला आहे. विक्रेत्याने सरांकडे आदराने पाहिलं. सरही जरा ताठ बसले.

तेवढ्यात स्पीकरवरून कॅप्टनचं स्वागत सुरू झालं. बाईचा आवाज होता, किंचित घोगरा. सरांच्या तोंडातली पेपरमिंट जागच्या जागी थांबली. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. ती 'झटपट' होती.

हे नाव सरांनीच ठेवलेलं. ती हुशार होती, हात चपळ, डोकं त्याहून चपळ, आणि तिथेच गोम होती. तिच्या परीक्षेत सरांनी उजवं इंजिन बंद पाडलं, आणि शेजारचा सहवैमानिक बोलून पुरा व्हायच्या आत तिने डाव्याचा, म्हणजे चांगल्या इंजिनाचा, इंधन तोडणारा दांडा खाली ओढला. पडद्यावरचं विमान मुकाट्याने शेतात उतरलं. सरांनी तिला नापास केलं. ती रागाने लाल झाली होती. "सर, एका सेकंदाची तर चूक झाली," असं म्हणाली. सर म्हणाले होते, "चूक नाही झाली. तो एक सेकंद तू घेतलाच नाहीस." पुढच्या वेळी ती नीट पास झाली आणि सरांनी सही केली. पण नंतर कधी कधी, आंघोळ करताना वगैरे, त्यांना वाटायचं, आपण सही जरा लवकर तर केली नाही?

आता ती पुढे बसली होती आणि सर मागे, पट्टा बांधून.

विमान धावलं, नाक उचललं, जमीन सुटली. अक्का खाली बघून घरं केवढीशी दिसतात ते सांगत होती. आणि तेवढ्यात उजवीकडून दाणकन आवाज झाला.

विमानाला हिसका बसला आणि ते उजवीकडे ओढलं गेलं. वरचे कप्पे खडखडले. पायाखालून अशी थरथर येऊ लागली, जणू कुणी बोल्ट ढिले झालेली पिठाची गिरणी सुरू केली होती. मागे कुणाचं तरी मूल रडू लागलं. टायरवाल्याने दोन्ही हातांनी समोरची सीट धरली.

सरांचा डावा पाय आपोआप पुढे गेला आणि समोरच्या सीटखाली जोरात दाबला गेला. कॉकपिटमध्ये तिथे पायाने दाबायचं पेडल असतं, ज्याने विमानाचं तोंड सरळ करतात. इथे तिथे फक्त अक्काची पिशवी होती.

विमान मात्र सरळ झालं. पुढे बसलेल्या कुणाचा तरी पाय योग्य जागी होता. ते चढतही होतं, सावकाश, पण चढत होतं. इथवर ठीक. यापुढे काय होणार हे सरांना पाठ होतं, आणि म्हणूनच ते धास्तावले. आता ती बिघडलेलं इंजिन पुरतं बंद करणार. आपल्याला माहीत आहे ते उजवं आहे. तिला माहीत आहे का?

त्यांनी डोळे मिटले आणि नुसतं ऐकत राहिले. उजवीकडून गिरणीची खडखड. डावीकडून एकसारखी, भरीव घुमघुम. यातलं एक काहीतरी आता थांबणार होतं. काहीच होईना. सर मनात म्हणत होते, थांब बाई, थांब, शेजारच्याचं ऐक. मग त्यांच्या लक्षात आलं की ती थांबलेलीच आहे. खरोखर थांबली आहे. आपल्यालाच तो वेळ सोसवत नाहीये.

इकडे टायरवाला रडकुंडीला आला होता. अक्काने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि त्याला समजावू लागली की एक गेलं तरी दुसरं आहे, ते त्याचसाठी बसवलेलं असतं, आपण स्वतः पाहून आलोय. "विश्वास नसेल तर माझ्या भावाला विचारा," ती म्हणाली.

टायरवाल्याने सरांकडे पाहिलं. सर डोळे मिटून, पांढरेफटक पडून, खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. टायरवाल्याला याने काही फारसा धीर आला नाही.

आणि मग थरथर थांबली. उजवीकडची खडखड उतरत उतरत गप्प झाली. डावीकडची घुमघुम तशीच चालू राहिली, जराही न अडखळता.

सरांनी एवढा मोठा श्वास सोडला की पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं.

"बरोबर केलं तिने," ते म्हणाले.

"मग, चुकीचं कशाला करेल?" अक्का म्हणाली.

थोड्या वेळाने घोगरा आवाज पुन्हा आला. उजवं इंजिन आम्ही बंद केलंय, विमान एका इंजिनावर व्यवस्थित उडतंय, सगळं तपासून आपण परत उतरणार आहोत, धावपट्टीशेजारी अग्निशामक गाड्या दिसतील, त्या नियमाप्रमाणे येतातच, घाबरू नका. सांगण्यात कसलीही घाई नव्हती. भाजीवाल्याला उद्या काय आणायचं ते सांगावं, तसं तिने ते सांगितलं.

उतरणं असं झालं की खुद्द सरांनाही त्यात नाव ठेवायला जागा सापडली नाही. चाकं टेकली, आणि सगळं विमान टाळ्यांनी दणाणून गेलं. टायरवाल्याने अक्काला मिठीच मारायची ती काय बाकी ठेवली.

शिडीखाली उभं राहून सरांनी उजव्या इंजिनाकडे पाहिलं. आतलं एक पातं तुटलं होतं, पण बाहेरचं कवच शाबूत होतं. तुटलेला तुकडा आतच अडकून पडावा, पंखाला किंवा माणसांना लागू नये, म्हणूनच ते तसलं जाड बनवतात. सरांनी हे शेकडो पोरांना सांगितलं होतं. आज त्यांना त्या कवचाला हात जोडावेसे वाटले.

सगळे उतरल्यावर कॅप्टन खाली आली. टोपी काखेत, केस विस्कटलेले. तिने सरांना पाहिलं आणि जागीच थांबली.

"सर, तुम्ही आत होता? तरीच म्हटलं, इंजिन कसं गेलं."

सर हसले. मग म्हणाले, "कॅप्टन, तुम्ही दांडा ओढायला किती वेळ लावलात हो. माझा जीव जायची वेळ आली होती."

"अहो, तुम्हीच तर शिकवलंत. आणि तुम्ही काय म्हणता? तूच म्हणा."

"नाही," सर म्हणाले. "आज तुम्हीच." त्यांनी खिशातून पेपरमिंटची पुडी काढून तिच्यापुढे धरली. तिने दोन घेतल्या, एक सहवैमानिकासाठी.

अक्काने पुढे होऊन कॅप्टनची पाठ थोपटली, शर्टाच्या खांद्याची शिलाई उसवलीय हेही दाखवून दिलं, आणि एवढ्या चांगल्या पोरीला आपल्या भावाने कधीकाळी नापास केलं होतं हे कळल्यावर तिथेच त्याची खरडपट्टी काढली. कॅप्टनला हे फार आवडलं.

दुपारी दुसरं विमान मिळालं. काही प्रवासी घरी परतले होते, पण अक्का रांगेत सगळ्यांत पुढे. नातीला बघायला निघालेय, ती म्हणाली, आणि एवढ्याशासाठी कोण मागे फिरणार? टायरवाला हट्टाने तिच्याच शेजारी येऊन बसला. विमान वर जाऊन स्थिर झालं तशी सरांना गाढ झोप लागली. मधे एकदा त्यांना जाग आली तेव्हा अक्का पलीकडच्या रांगेला सकाळची हकिगत सांगत होती. तिच्या सांगण्यात एव्हाना दोन्ही इंजिनं बंद पडली होती, आणि टायरवाला मान डोलावून साक्ष देत होता. सरांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि खिडकीकडे वळून पुन्हा झोपी गेले.