अडतीस टक्क्यांवरचं भूत

रुद्रेशच्या दुकानापुढं त्या दिवशी सकाळी दहालाच चपलांचा ढीग पडला होता. सेलू रोडवरच्या आमच्या गावातलं हे एकुलतं एक ऑनलाइन सेवा केंद्र. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर बाकडं. आत कापराचा धूर कोंडला होता. मोठ्या कॉम्प्युटरच्या डब्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले, वर झेंडूचा हार. समोरच्या फिरत्या खुर्चीवर मांडी घालून दिनकर महाराज बसले होते. मांडीमुळे पाय जमिनीला टेकत नव्हते, त्यामुळे खुर्ची आपोआप वळायची आणि महाराजांचं तोंड फिरेल तिकडे भक्त सरकायचे.

"अपडेट अपडेट म्हनतेत ते काय हाय?" महाराज सांगत होते. "परकाया प्रवेश! सात समुद्रापल्याडचा आत्मा तारेतून येतो अन् तुमच्या गरीब डब्यात शिरतो. एका देहात दोन जीव! मग डबा दमनार न्हाई तर काय?"

"खरंय," चाळीस माना हलल्या.

"बारा वाजता मुहूर्त. त्याचा प्रान काढतो, शुद्ध करतो अन् परत घालतो."

मी दारातूनच हसले. मी सुकेशनी, इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या पोरींना त्या दिवशी दाब शिकवायचा होता, म्हणून हसून पुढे गेले. ते हसू आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

आता या मशीनची गोष्ट सांगायला हवी. रुद्रेशचे वडील मन्मथअप्पा देवभोळे आणि सज्जन गृहस्थ. दुकान उघडलं त्या दिवशी त्यांनी नियम घातला की चालू यंत्र बंद करायचं नाही. देवापुढचा नंदादीप आपण विझू देतो का? मग पोट भरणाऱ्या यंत्राचा दिवा कसा विझवायचा? इन्व्हर्टर होताच. रुद्रेश संध्याकाळी फक्त पडदा बंद करायचा. अपडेटसाठी मशीन बंद करून चालू करायचं का, असं पडद्यावर विचारलं की तो 'नंतर'वर बोट ठेवायचा. असं सात महिने चाललं.

मशीन दर दीड-दोन महिन्यांनी रांगायला लागायचं. मग महाराज यायचे. डब्यावर पांढरं उपरणं टाकायचे, दोन्ही हात आत घालायचे, पुटपुटायचे. डबा गप्प व्हायचा. बायका तोंडाला पदर लावायच्या. एकशे आठपर्यंत मोजून झालं की डबा पुन्हा गुरगुरायचा, आणि पानं भराभर उघडायची! तीनदा झालं असं. तीनदा गावानं नारळ फोडले.

चौथी वेळ आली ती ईश्वरीच्या नशिबी.

ईश्वरी माझी विद्यार्थिनी. बाप नाही. आई त्रिवेणी सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सरकारी नर्सिंग कॉलेजच्या पहिल्याच यादीत पोरीचं नाव लागलं होतं. संकेतस्थळावर जाऊन 'जागा स्वीकारली' एवढं एक बटण दाबायचं होतं, आणि त्याची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. तीन दिवस मायलेकी खेटे घालत होत्या. तीन दिवस पान उघडत नव्हतं आणि रुद्रेश म्हणत होता, "फिकीर करू नका मावशी, महाराजांला सांगितलंय."

पावणेचारला त्रिवेणी धापा टाकत शाळेत आली. "बाई, मशीन उठंना. महाराजांनी प्रान काढला, पर परत घालता येईना त्यांला."

मी वर्ग सोडून धावले. पडद्यावर निळ्या रंगात ओळ होती: 'बदल मागे घेतले जात आहेत. संगणक बंद करू नका.' खाली ठिपक्यांचं चक्र फिरत होतं.

"रुद्रेश, बारा वाजता पडद्यावर काय होतं?"

"पावनेअकराला आपोआपच बंद पडलं बाई. अप्पा घाबरले. मग निळं झालं अन् आकडे चढायले. महाराजांनी हात घातला तवा अडतीस झालते."

मी कपाळावर हात मारला. सात महिने टाळलेलं अपडेट त्या सकाळी मशीननं स्वतःच सुरू केलं होतं. हात लावला नसता तर दुपारी दोनपर्यंत संपलं असतं. महाराजांनी अडतीस टक्क्यांवर वीज तोडली. आता मशीन अर्धवट काम उलटं उसवत बसलं होतं. जुनाट डिस्क ती, तिला कितीही वेळ लागू शकत होता.

"माझ्या मोबाइलवरून करू. पासवर्ड सांग."

रुद्रेशनं डब्याकडे बोट केलं. "पासवर्ड मशीनला म्हाईत हाय."

"म्हणजे?"

"समद्यांचे त्यातच साठवलेत. कोनाला लक्षात राहतेत?"

"मग नवीन मागव. ईमेलवर येईल."

"ईमेल मीच काढून देल्ता. त्याचाबी पासवर्ड मशीनलाच..."

मदतीच्या नंबरवर मी अकरा वेळा फोन लावला. वाट बघा, असं एक बाई गोड आवाजात अकरा वेळा म्हणाली.

"माया हाय," महाराज म्हणाले. "आत्मा हट्टी निघाला. बाईंनी शंका घेतली, म्हनून अडलंय."

माझा संयम तिथं संपला. मी मोठ्या डब्यावरचं उपरणं उचललं आणि मागचा प्लग सगळ्यांना दाखवला. "हा महाराजांचा मंत्र! आत हात घालून हा उपसतात, एकशे आठ मोजतात, परत खोचतात. परभणीला सहा महिने कॉम्प्युटरच्या दुकानात होते, तिथं शिकलेत."

"बाई, देवाधर्माच्या गोष्टीत..." मन्मथअप्पा उठले.

"अप्पा, बसा. एकदा फक्त बघा."

दुसरा कॉम्प्युटर फक्त छपाईचा, त्यात कुणाचेच पासवर्ड नव्हते. तोही तेवढाच जुना, तो तर सात महिने सलग जागा, तोही रांगणारा. त्याला ना विभूती होती ना हार. मी मेमरीचा आकडा उघडून दाखवला: चौऱ्याण्णव टक्के भरलेली. मग रीतसर बंद केला, चालू केला. आकडा एकेचाळीस. पान एका दमात उघडलं.

"तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा डोळ्यापुढं आणा," मी म्हणाले. "मेमरी म्हणजे ओटा. महिनोनमहिने आवरला नाही तर भांडी साचणार. मग प्रत्येक पातेलं माळ्यावर ठेवायचं आणि लागलं की खाली काढायचं, अशी गत होते. त्यात वेळ जातो. बंद केलं की ओटा साफ. आणि अपडेट आलं की नवीन भांडी येतात, ओटा मात्र तेवढाच. रुद्रेशचं मशीन घेतलं तेव्हा पुरत होतं, आता पुरत नाही. भूतबित काही नाही. थोडी मेमरी वाढवा आणि रोज संध्याकाळी बंद करा."

चार-दोन जण पुढे वाकून आकडा बघू लागले. मला वाटलं, पोचलं.

मन्मथअप्पा हात जोडून हळू म्हणाले, "त्या डब्याची विभूती ह्या डब्याला लागली. एकाच तारेवर हायेत ना दोनी."

"कृपा हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. चाळीस माना पुन्हा हलल्या. महाराजांनी डोळे मिटून घेतले आणि खुर्ची हळूच माझ्याकडे पाठ करून वळली.

पाच वाजले. ठिपके फिरतच होते.

त्रिवेणी उठली. मला वाटलं, आता ती महाराजांची गचांडी धरेल. मी तर मनात तिला म्हणतच होते, धर. ती वाकली, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "महाराज, पोरीच्या नशिबाला काय इलाज हाय का?"

त्यांनी सोळा सोमवार सांगितले.

पावणेसहाला मशीन उठलं. पान उघडलं. बटणाच्या जागी राखाडी पट्टी होती, 'मुदत संपली.' जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. पुढच्या वर्षी परत फॉर्म भर, असं मी सांगत राहिले. पण सेलूच्या जिनिंगला सीझनसाठी बाया हव्या होत्या आणि आईबरोबर पोरीचंही नाव गेलं. नाकातोंडात कापूस जाऊन ती आता खोकते. मला नाही वाटत ती पुन्हा फॉर्म भरेल.

दुकानात आजही काही बदललेलं नाही. मेमरी वाढवली नाही, यंत्र बंद होत नाही. फक्त आता दोन्ही डब्यांना विभूती लागते, कारण दुसऱ्यालाही गुण येतो हे माझ्याच प्रयोगानं सिद्ध झालं! महाराजांना पार पूर्णा गावाहून बोलावणी येतात.

परवा ईश्वरी बसस्टॉपवर भेटली. जवळ येऊन बसली. मग म्हणाली, "बाई, त्या दिशी पडद्यावर मराठीतच लिवलं होतं ना. संगणक बंद करू नका म्हनून."

"हो गं."

"मी वाचलं होतं. बारा वाजता. महाराजांनी हात घालायच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"समदे मोठे मानसं बसलेले. महाराज बोलायलते. मधी कसं बोलावं?"

तिची बस आली, ती गेली. मी तिला पाच वर्षं शिकवलं. मोठी माणसं बोलत असताना मधे बोलायचं नाही, हेही मीच शिकवलं, हातावर पट्टी मारून. आणि सकाळी दहाला मी स्वतः काय केलं? हसले आणि गेले.

म्हणून हात जोडून सांगते. यंत्र अडलं तर आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. आणि वाचलेलं कळलं, तर समोर महाराज असोत, अप्पा असोत की मी असो, मोठ्यानं बोला. त्या दुकानात चाळीस माणसांना वाचता येत होतं. वाचलं एका पोरीनं, आणि तिला आम्ही सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं होतं.