घालमेल, शून्य ते शंभर

रमाकांत देवस्थळींनी कुकरच्या अकरा जुन्या रिंगा टेबलावर एकीवर एक रचल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि तो ढीग बोटानं हलकेच पुढे ढकलला. शर्मिष्ठानं स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

"काका, घालमेल किती? शून्य ते शंभर."

"दहा," ते म्हणाले. "दहासुद्धा जास्तच होतील."

तिचा जीव भांड्यात पडला. पाच आठवड्यांपूर्वी याच टेबलाशी, बाद झालेलं एक रेल्वे टाइमटेबल देताना या गृहस्थांनी पंचाण्णव सांगितले होते आणि कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला, मिरजेहून नोकरीपायी लखनौला आलेला माणूस. बायको गेल्यापासून महानगर वस्तीतल्या या घरातून त्यांनी काहीही बाहेर जाऊ दिलं नव्हतं. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, उडालेले बल्ब, बारा वर्षांचे पेपर. मुलानं आणि सुनेनं केव्हाच हात टेकले होते. आणि आज दहा.

हे तिच्या अभ्यासातले अकरावे आणि शेवटचे गृहस्थ. वस्तू साठवण्याच्या या आजारावर आपल्याकडे कुणी फारसं काम केलेलं नव्हतं, आणि तिचा अख्खा प्रबंध या एका प्रयोगावर उभा होता. मेअखेर तो द्यायचा होता. पद्धत अगदी साधी. माणसानं आठवड्याला एक वस्तू स्वतः निवडायची, शर्मिष्ठानं ती घराबाहेर नेऊन त्याच दिवशी टाकून द्यायची, आणि वस्तू हातातून सुटताना होणारी घालमेल त्यानं आकड्यात सांगायची. सहा आठवड्यांत आकडा उतरला तर प्रबंध तरला. आणि तो उतरला होता, एकूण एक सगळ्यांचा. तिचे मार्गदर्शक डॉ. निगम तर आलेख बघून खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

तरी तिला चैन नव्हतं. गेला महिनाभर ती दिवसातून चार वेळा फॉर्म मोजत होती, कपाटाचं कुलूप ओढून बघत होती आणि आईवर विनाकारण खेकसत होती.

वीज गेली. खिडकीतला कूलर घरघरून थांबला. गीतानं, काकांच्या सुनेनं, पन्ह्याचे पेले आणून ठेवले आणि डोळ्यांनीच विचारलं, दिलं का? शर्मिष्ठानं मान हलवली. गीता हसून आत गेली. शर्मिष्ठानं रिंगा वर्तमानपत्रात गुंडाळल्या, कागदाचे कोपरे दाबून सारखे केले आणि मनगटातला एक रबर काढून पुडक्याला लावला.

"वाळवीकडे लक्ष ठेव हं," काका म्हणाले.

"कुठल्या वाळवीकडे?"

"तुझ्या घरी. मेचा महिना आहे, टाइमटेबलला आधी लागेल. डांबराच्या गोळ्या घालून ठेव. इथे कपूरथल्याच्या चौकात मिळतात."



"काका, ते मी टाकलं. त्याच दिवशी."

"अच्छा," ते म्हणाले. लहान मुलाची थाप ऐकून घ्यावी तसे.

"खरंच टाकलं."

"बेटा, पहिल्या दिवशी गीतानं तुला मिठाईचा डबा दिला. त्याचा रबर तू काढलास आणि हातात चढवलास. वरचा चकचकीत कागद घडी घालून पर्समध्ये ठेवलास. मी बघत होतो ना. आणि टाइमटेबलचं एक पान दुमडलं होतं, ते तू सरळ केलंस. टाकायच्या वस्तूचं पान कोण सरळ करतं?"

शर्मिष्ठानं मनगटाकडे पाहिलं. अजून चार रबर होते. तिनं तो हात टेबलाखाली घेतला.

"तेव्हाच म्हटलं, हिच्याकडे द्यायला हरकत नाही," काका पन्हं पीत म्हणाले. "गीता कबाडीवाल्याला देऊन टाकेल. तू नाही देणार. मग मला कसली आलीय घालमेल?"

घरच्या लोखंडी कपाटात पासष्ट वस्तू होत्या. पहिली तिनं ठेवली ती एका दिवसापुरतीच. देणाऱ्या बाईंनी उद्या परत मागितली तर? बाईंनी मागितली नाही. पण तोवर दुसरी आली, मग तिसरी. प्रत्येकीला चिठ्ठी, नाव, तारीख, आकडा. फॉर्मवर 'विल्हेवाट' या रकान्यात ती न चुकता 'झाली' लिहीत गेली. आईला सांगितलं, अभ्यासाचं सामान आहे. आपलं पाप आपल्या कपाटात कुलूपबंद आहे, आकडे तर त्या माणसांचे आहेत, ते खरेच आहेत, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. ती आता एका घोटात संपली.

"काका," ती म्हणाली, "हे पुडकं मी आत्ता कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकलं तर? तुम्ही गॅलरीतून बघा."

काकांचा हात पुडक्यावर येऊन पडला. 

"टाकणार आहेस?"

"किती, काका?"

"नको विचारूस."

"शून्य ते शंभर."

"नव्वद," ते कसेबसे म्हणाले. "त्याच्याही वर. बेटा, नको."

"नाही टाकत," शर्मिष्ठा म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली. काकांनी हात काढून घेतला, एकेक बोट करून.

कपूरथल्याच्या चौकात पीसीओ होता. काचेच्या खोक्यात उकडून जीव जात होता. तिनं डॉ. निगमांचा नंबर फिरवला.

"हाँ शर्मिष्ठा, आख़िरी रीडिंग मिली?"

"दस, सर."

"शाबाश. तो बस, कल टाइपिंग में दे दो."

इथे रिसीव्हर ठेवला असता तर पीएचडी पदरात होती. चार वर्षांचं काम, आईनं शेजारपाजारी आधीच वाटून टाकलेली बातमी. तिनं पुडकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"सर, चीज़ें फेंकी नहीं गईं. एक भी नहीं. सब मेरे घर पर हैं. और उन लोगों को शायद पता था, इसलिए देते रहे."

 पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. डॉ. निगम वाईट माणूस नव्हते, ते ओरडले नाहीत.

"तब तो कुछ नहीं बचा," ते सावकाश म्हणाले. "सब दोबारा करना होगा. साल भर तो लगेगा."

"जी, सर."

"ख़ैर, अच्छा किया, बता दिया. अब एक काम करो. वो सारा सामान कल सुबह डिपार्टमेंट ले आओ. पीछे मैदान में जला देते हैं, क़िस्सा ख़त्म."

तिच्या झोळीत स्टॉपवॉच बंद करायचं राहूनच गेलं होतं. त्याची टिकटिक तिला आत्ता ऐकू आली. घामानं ओला झालेला तळवा तिनं पुडक्यावर घट्ट दाबून धरला.

"शर्मिष्ठा? सुन रही हो?"

"पंचानवे, सर," ती म्हणाली.

"क्या पंचानवे?"