भरदिवसा काढलेली वायर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. हल्ली सगळं ‘क्लाउड’वर असतं म्हणतात, म्हणून लोक कौतुकाने आभाळाकडे बघतात. वर काही नाही. खाली आम्ही आहोत: गारठलेल्या दालनात रांगेने घुरघुरणारे पत्र्याचे डबे. आमची शेवटची रांग मला कधीच दिसली नाही.

नवा होतो तेव्हा माझा फार मान होता. शहरातले रुग्णवाहिकेचे फोन माझ्यातून जात. अख्खं शहर माझ्याच खांद्यावर उभं आहे, असं मला वाटे. मला खांदा नाही, ही गोष्ट वेगळी.

आमची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरबाईंना सगळे ताई म्हणत. एकदा ऐन गर्दीच्या वेळी ताईंनी माझ्या नेटवर्कच्या वायरीला हात घातला. मागून त्यांचे साहेब धावत आले.

“अहो ताई, भरदिवसा? चालू आहे तो!”

“म्हणूनच. हा कधीतरी बंद पडणारच, साहेब. तेव्हा आपण घोरत असू. आज सगळे जागे आहेत, काही चुकलं तर वायर लगेच परत लावता येईल.”

“आणि एखादा फोन तुटला तर?”

ताईंनी वायरीवरचा हात काढला नाही. “माझी आई घरी आजारी आहे. तिच्यासाठीही रुग्णवाहिकेचा हाच नंबर लावते मी.”

आणि त्यांनी वायर ओढली.

संपलं शहर, मी मनात म्हटलं. पण वायर सुटता सुटता मला दिसलं, की माझ्याकडचे फोन कुठल्या कुठल्या रांगांतल्या भावंडांनी केव्हाच उचलले होते. त्यांतली काही तर परगावची. एकाचंही तोंड मी पाहिलं नव्हतं. एवढं मोठं घर आपलं, आणि मी स्वतःला एकुलता एक समजत होतो!

ताईंनी रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेणाऱ्या मावशींना फोन लावला. “मावशी, फोन येताहेत ना?”

“येताहेत की! आत्ताच एकांकडे गाडी धाडली. का गं, काय झालं?”

“काही नाही.”

“मग ठेव बाई, मला कामं आहेत.”

साहेब रिकाम्या खोक्यावर मटकन बसले. ताईंनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. “शाब्बास,” त्या म्हणाल्या. मी काहीच केलं नव्हतं.

आता मी निवृत्त आहे. चहाच्या खोलीचं दार आपटू नये म्हणून मला तिथे टेकवलंय. कामात खंड नाही.

मित्रांनो, तुमचा फोन पहिल्या झटक्यात लागला, तर जरा थांबा. तो लागावा म्हणून कुणीतरी, छातीत धडधडत असताना, चालू वायर ओढून पाहिलेली असते. अशा माणसांना जपा. आणि दार हळू लोटा.