तीन महिन्यांत तीन इंच

तिसरा ग्लास रिकामा करून धाकट्याने तो पडद्याखालून बाहेर सरकवला. "ताई, अजून थोडं."

"पाण्याचा जग संपला, बाळ्या. पोटाला भोक पडलंय का तुझ्या?" टेलरताई म्हणाली, पण लाडाने. हा भाऊ तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्याच्यासाठी दुकान उघडायच्या आधी मशीनवर बसायला तिची ना नव्हती. तो पडद्याआड कमरेला अस्तराचं कापड गुंडाळून बसला होता, कारण त्याची कामावरची पँट तिच्या मांडीवर उसवून पडली होती. कमरेत कमी करायची होती. तीन महिन्यांत ही तिसरी वेळ.

"हिला सांगू नकोस हं," तो आतून म्हणाला. "वजन उतरलंय कळलं, तर माझा फोटो काढून दवाखान्याच्या फळ्यावर लावेल."

ताईला हसू फुटलं. भावजय म्हणजे सध्या तिच्या डोक्याला ताप होता. दुखणी मुळातच अडवायची म्हणून दवाखान्याने गल्लीगल्लीत एकेक बाई नेमली होती आणि या गल्लीत नेमकी हीच. दारोदार जायचं, कंबर मोजायची, रक्तदाब बघायचा, बोटाला सुई टोचून साखर तपासायची. साठ घरं तिने पालथी घातली, राहिला फक्त घरचा नवरा. वडिलांचा आधी अंगठा आणि मग पाय साखरेपायी गेलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता. सुई दिसली की तो घरातून पोबारा करायचा, आणि ताई दर वेळी त्याचीच बाजू घ्यायची.

तेवढ्यात भावजय दारात उभी. खांद्याला दवाखान्याची पिशवी, गळ्यात टेप. पडद्यामागे एकदम चिडीचूप झालं.

"वन्सं, शाळेतल्या बाईंना काय सांगितलंत तुम्ही? माझा टेप खोटा आहे म्हणून?"

"मग काय सांगू? दहा वर्षं मी त्यांचे कपडे सैल करतेय आणि कापड आटलं म्हणून सांगतेय. तू एका सकाळी आकडा ओरडून मोकळी झालीस, तोही चारचौघांत! शिवायला टाकलेलं कापड परत घेऊन गेल्या काल."

"त्यांचा रक्तदाब एकशे ऐंशी होता. तोही कापड आटल्यामुळे का?"

"तोंड सांभाळ."

"तुम्ही गोड बोलून सगळ्यांना झोपवता. मी जागं केलं की मी वाईट."

"वाईटच आहेस. लोक तुला काय म्हणतात, माहीत आहे? सुईवाली. तू कोपऱ्यावर दिसलीस की दारं लावून घेतात."

"लावू देत. मी खिडकीतून हाका मारते."

माणूस आहे की डिंक! ताईचं माथं भडकलं आणि भावाला दिलेला शब्द रागाच्या भरात जिभेवरून घसरला.

"साठ घरांच्या कमरा मोजल्यास ना? मग स्वतःच्या नवऱ्याची सांग! छत्तिसाची तेहतीस झालीय, तीन महिन्यांत. ही बघ पँट. ना तुझी सुई लागली, ना तुझे तक्ते. माझा भाऊ आपला आपण बारीक झाला."

तिला वाटलं, आता हिचं तोंड पडेल. पडलंही, पण भांडणात हरल्यावर पडतं तसं नाही. चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

"तीन इंच?" भावजय म्हणाली. "अहो, जेवण दुप्पट झालंय त्यांचं. मला वाटलं, काम वाढलंय म्हणून… वन्सं, मामंजींचं दुखणं सुरू कसं झालं होतं?"

ताईने मांडीवरच्या पँटीकडे पाहिलं. शिवण शिकत होती ती तेव्हा. वडिलांची पँटही तिनेच कमरेत कमी करून दिली होती. बाबा आरशासमोर उभे राहून म्हणाले होते, तरुण झालो गं पोरी.

"बाळ्या, बाहेर ये," ती म्हणाली.

"इथेच आहेत?" भावजय किंचाळली.

"आधी पँट दे," पडद्यामागून आवाज आला.

ताईने पँट स्टुलावर टाकली आणि वर बसली. "आधी बोट दे."

"ताई! शब्द दिला होतास तू!"

"दिला होता. मोडला. येतोस की पडदा ओढू? समोर पाववाल्याकडे रांग लागलीय."

तो कापड सावरत बाहेर आला. "दोघींनी मिळून कट केलात."

"यांच्याशी कट?" भावजय पिशवीतलं साखरेचं मशीन काढत म्हणाली. "यांच्यासोबत मी दोरा आणायलाही जाणार नाही."

ताईने त्याचं मनगट धरलं. त्याने लहानपणीसारखं भिंतीकडे तोंड फिरवलं. सुई टोचली गेली. एरवी सगळ्यांचे आकडे गल्लीभर ऐकू जातील असे सांगणारी ती बाई, या वेळी काही बोलली नाही. तिने मशीन नुसतं ताईकडे वळवलं. चारशे सदतीस.

"दवाखाना. आत्ताच्या आत्ता," ताई म्हणाली.

"पण माझं काम…"

"काम गेलं खड्ड्यात!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि त्याचाही दोघींना राग आला.

ताईने पँटीला घाईघाईत दोन टाके घातले. भावजय नवऱ्याला घेऊन निघाली, पण दारातून वळली. "तीन महिने माहीत होतं तुम्हाला. आणि तुम्ही कौतुक करत बसलात."

"एका ताटात जेवता ना दोघं? तुझे डोळे कुठे होते?"

"तुम्ही येऊ नका आमच्यासोबत."

ताईने शटर ओढलं आणि दहा पावलं मागे राहून चालू लागली. दवाखान्यापर्यंत कुणी मागे वळून पाहिलं नाही, कुणी थांबलंही नाही.

दारातल्या नर्सने भावाला चाकांच्या खुर्चीत बसवलं. "सोबत एकानेच आत यायचं. वजन कधीपासून उतरतंय, डॉक्टर विचारतील. कोण सांगेल?"

भावजय पुढे झाली आणि तिथेच अडखळली. मग दातओठ खात बाजूला सरकली.

"जा तुम्ही. तारखा तुम्हालाच माहीत. पण आत गोड बोलत बसलात ना, तर बाहेर माझ्याशी गाठ आहे."

ताईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भावाची खुर्ची ढकलत ती आत शिरली आणि डॉक्टरांनी मान वर करायच्या आधीच सांगू लागली.