सुईचं लाल टोक

नवी शिक्षिका वेसेला मुलांना मैदानात घेऊन आली की स्टामेन शिक्षकांच्या खोलीची खिडकी धाडकन लावून घ्यायचा. सव्वीस वर्षं त्याने या शाळेत भूगोल शिकवला होता. फळ्यावर आठ दिशांचा तारा काढायचा, मुलांनी तो वहीत उतरवायचा आणि वसंतात एकदा डोंगरातल्या जंगलात नेऊन होकायंत्राची चाचणी घ्यायची. गावातले निम्मे बाप त्याच्या हाताखालून गेलेले. आणि ही कालची पोरगी फळ्याला हात लावायलाच तयार नाही! पोरांना काठीची सावली मोजायला लावते, पावलं मोजत शाळेचा नकाशा काढायला लावते, कुंपणात सफरचंदं लपवते आणि चिठ्ठी देते, 'ईशान्येला चाळीस पावलं'. पोरं घरी जाऊन तेच सांगत बसतात. झालं, मुख्याध्यापिकेने यंदाची चाचणी तिलाच देऊन टाकली.

"स्टामेन, तुम्हीही चला हं बरोबर. तिला तेवढाच आधार," असं वर म्हणाली.

आधार! म्हणजे याने आता काठीचं काम करायचं. स्टामेनच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर त्याला चाचणीचं एवढं दुःख नव्हतं. पूर्वी मधल्या सुट्टीत पोरं त्याच्या टेबलाभोवती गर्दी करायची, ती आता तिच्याभोवती करत होती. ते त्याला बघवत नव्हतं.

एक नेदा तेवढी त्याची उरली होती. बारा वर्षांची, दोन वेण्यांची, कमी बोलणारी. रोज येऊन डब्यातल्या बानित्साचा, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचा, एक तुकडा त्याच्यापुढे ठेवायची.

"सर, बाईंच्या तासाला मजा येते. पण तुमचंच खरं."

"कुठलं गं?"

"डोकं घाबरतं, सुई घाबरत नाही. शंका आली तर सुईचं ऐकायचं."

त्या एका वाक्यावर स्टामेनचा अख्खा दिवस जायचा.

शुक्रवारी दुपारी खोलीत कुणी नव्हतं. वेसेलाच्या टेबलावर उद्याच्या चाचणीच्या होकायंत्रांचा डबा होता, त्याच्यावर तिने सहलीला गाणी लावायला आणलेला भलामोठा स्पीकर. जुनी खोड, म्हणून त्याने एक होकायंत्र काढून तळहातावर धरलं. सुईचं लाल टोक दाराकडे गेलं. स्टामेन चमकला. उत्तर खिडकीकडे होती, बोडक्या शिखराच्या बाजूला. सव्वीस वर्षांत ते शिखर काही जागचं हललं नव्हतं. त्याने दुसरं काढलं, तिसरं काढलं, मग सगळी बारा काढली. बाराच्या बारा उलटी! स्पीकरमध्ये मोठं लोहचुंबक असतं, आणि आठवडाभर डबा त्याच्याखाली होता. सुयांची टोकं पार फिरली होती.

बाहेरून वेसेलाचं हसणं ऐकू आलं, आणि त्यामागून पोरांचं. स्टामेनने होकायंत्रं एकेक करून परत ठेवली, डबा बंद केला आणि मूग गिळून बसला. होऊ दे हिची फजिती मुख्याध्यापिकेसमोर! पोरांची त्याला काळजी नव्हती. उलटी गेली तरी उतरून खालच्या रस्त्यालाच लागतील, तिथे बस उभी असणार. त्याने स्वतःची तशी समजूत घातली, आणि ती पटकन पटलीही.

शनिवारी डोंगरावर धुकं होतं, सूर्याचा पत्ता नाही. ड्रायव्हर बसपाशी घड्याळ बघून एकेका मुलाला सोडत होता. छोट्या ख्रिस्ती देवळापर्यंत सरळ पायवाट, तिथून उत्तरेला पाइनच्या झाडीतून चारशे मीटरवर झरा. झऱ्यापाशी मोठी माणसं थांबली होती. पंधरा मिनिटं झाली, कुणी आलं नाही. मुख्याध्यापिका चुळबुळ करायला लागली. स्टामेनने शांतपणे थर्मासमधला चहा ओतला. असा गोड चहा त्याने वर्षभरात घेतला नव्हता.

आणि झाडीतून पहिला पोरगा बाहेर आला. हसत!

"बाई, सुया उलट्या आहेत! तुम्हीच दाखवलं होतंत ना, देवळाची वेदीमागची गोल भिंत पूर्वेला असते? तर सुई भलतीकडेच! मग मी पांढऱ्या टोकाने आलो."

मागून दुसरा आला, तिसरी आली. सगळ्यांचं तेच. मुख्याध्यापिकेने वेसेलाला मिठीच मारली. "याला म्हणतात शिकवणं!" स्टामेनला चहा एकदम कडू लागला. काय नशीब आहे बघा बयेचं! चूकसुद्धा हिच्या पथ्यावर पडते.

तासाभराने वेसेलाने डोकी मोजली. अकरा. नेदा नव्हती. तिचा नंबर तर चौथा होता.

"येईल, तिलाही कळेल," वेसेला म्हणाली, पण तिने डोकी पुन्हा मोजली.

तिला कळणार नाही, हे तिथे एकट्या स्टामेनला ठाऊक होतं. नेदाला शंका येणार, आणि शंका आली की ती सुईचं ऐकणार. कप टाकून तो धावत सुटला. देवळापर्यंत आला, तिथून दक्षिणेचा उतार उतरला. काट्यांनी हात सोलवटले, श्वास पुरेना. "नेदा! ए नेदा!" ती रस्त्याला लागली असती तर ड्रायव्हरने कळवलं असतं. म्हणजे मध्येच कुठेतरी. देवा, उताराच्या मधल्या त्या खोल घळीत नको.

नेदा त्या घळीतच होती. ओल्या दगडांवर बसलेली, गुडघा फुटलेला, ओठ निळे पडलेले. त्याला बघून तिचा चेहरा उजळला.

"मला माहीत होतं सर, तुम्हीच येणार! देवळाची भिंत उलटी वाटत होती. पण तुम्ही म्हणाला होतात ना. मग मी नाही घाबरले. मी कुठे चुकले, सर?"

यंत्र बिघडलं होतं, एवढं म्हणून सुटता आलं असतं. त्याने आपला कोट काढून तिला घातला. गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या.

"तू नाही चुकलीस. सुया फिरल्यात. मला कालच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुझ्या बाईंची फजिती व्हावी म्हणून."

नेदा दगडाला धरून उभी राहिली. मग गळ्यातलं होकायंत्र तिने तळहातावर घेतलं, पांढरं टोक समोर आणलं आणि लंगडत चढ चढायला लागली. स्टामेनने हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

"या मागून," ती न वळताच म्हणाली, "बाई वाट बघत असतील."