नाव घेऊन प्रार्थना

माझा धाकटा भाऊ दानिएल परदेशात बेकरी चालवायचा. तिथलं सरकार येशूचं नाव काढलं तरी तुरुंगात टाकतं, म्हणून पाव विकता विकता तो ओळखीच्या गिऱ्हाइकांशीच हळूच येशूबद्दल बोलायचा. इथे इंग्लंडमध्ये आमच्या कॉव्हेंट्रीच्या चर्चच्या पाळकांनी मात्र त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली, तीही यूट्यूबवर लाइव्ह! तिथल्या पोलिसांनी ती पाहिली आणि दानिएलचे हात त्याच्याच भट्टीत कोंबले.

तो कसाबसा सुटून इथे आला, तर परवा पाळकांनी त्याला चर्चमध्ये उभं केलं. कॅमेरा चालूच.

"बेकरी आता कोण सांभाळतं? नाव सांग, प्रार्थना करू."

दानिएलने बँडेजमधला हात त्यांच्या तोंडावर असा हाणला, की दात पडला.

पाळक रक्त पुसत कण्हले, "अरे, प्रार्थनाच करत होतो ना!"

मी कॅमेरा फरशीवर आपटला. "मग मनातल्या मनात करा! देव काय बहिरा आहे?"